भिंतीवरचे अकरा

वर्षातून दोनदा सरकार अख्ख्या फिनलंडच्या घड्याळांचे कान पिरगाळतं. मार्चअखेर काटा तासभर पुढे, ऑक्टोबरअखेर तासभर मागे. हे बंद करायचं असं युरोपात कधीचं ठरतंय, आणि ते नुसतं ठरतंयच.

हिल्काने यंदा आपल्या घरापुरतं बंद करून टाकलं होतं.

तिचा नाइलाज होता. तिच्या नवऱ्याने, ओइवाने, चाळीस वर्षं गावोगावचं दूध टँकरने डेअरीत पोचवलं. आता त्याला सकाळची न्याहारी आठवत नाही, पण तास अंगात मुरलेला. गेल्या वर्षी काटा पुढे सरकवला तेव्हा तीन आठवडे त्याने घर डोक्यावर घेतलं. घड्याळ खोटं बोलतंय म्हणून रडायचा, पायात नुसते मोजे घालून बर्फाच्या चिखलातून डेअरीकडे निघायचा. म्हणून यंदा तिने ना भिंतीवरच्या घड्याळाला हात लावला, ना त्याच्या मनगटावरच्या.

घरात अकरा वाजले की दाराबाहेर बारा. हिल्काची बस चुकायची. बुधवारची गाण्याची तालीम तर केव्हाच सुटली होती. चार वर्षं ती या घरात कोंडली गेली होती आणि तिला आता खरोखर सुटायचं होतं. विसराळू म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या निवासात ओइवाला जागा मिळावी म्हणून अर्ज तिनेच केला होता.

एप्रिलात नगरपालिकेकडून मेर्वी तपासणीला आली. गावचीच मुलगी.

"काका, ओळखलंत का?"

"लेपिस्तोंची ना तू? तुमचा कुत्रा माझे टायर चावायचा."

"तोच तो. आज तुमची परीक्षा आहे हं."

"नापास झालो तर कोपऱ्यात उभं करशील?"

वर्ष चुकलं. महिना चुकला. लक्षात ठेवायला दिलेल्या तीन शब्दांतला एकच उरला. हिल्का कॉफी ओतत ऐकत होती.

"आता किती वाजले, काका?"

ओइवाने भिंतीकडे नीट बघितलं, मग मनगटाकडे. दोन्ही जुळल्यावर ऐटीत म्हणाला, "अकरा वाजून पाच."

मेर्वीने फोनकडे नजर टाकली आणि कागदावर फुली मारली.

बोल, हिल्काने स्वतःला बजावलं. पण तिने वेलदोड्याच्या पावाची बशी पुढे सरकवली.

निघताना मेर्वी दारात हळूच म्हणाली, "काकू, अगदी काठावर होतं. घड्याळ बरोबर सांगितलं असतं तर घरीच ठेवा म्हणावं लागलं असतं. आता पुढच्या महिन्यात जागा मिळेल. तुम्हीही जरा श्वास घ्या."

दार लागलं. हिल्काला आनंद झाला. खोटं कशाला बोला, तालमीतलं गाणं ओठांवर यावं इतका झाला.

"हिल्का," ओइवा खुर्चीतून म्हणाला, "बाकीचं नाही जमलं मला. पण घड्याळाचं बरोबर आलं ना गं?"

हिल्का सपाता घालूनच बाहेर धावली आणि तिने गाडीच्या काचेवर थाप मारली.

"त्याचं उत्तर बरोबर होतं. घड्याळ मीच मागे ठेवलंय. काटा हलवला की रडतो तो."

मेर्वीने काच खाली केली आणि बॅगेतून तो कागद पुन्हा काढला. "काकू, आता मला ती फुली खोडावी लागेल. जागा जाईल."

"माहितेय."

"हे काटे फिरवणंच एकदाचं बंद व्हायला हवं. पण उन्हाळी वेळ ठेवायची की हिवाळी, यावर घोडं अडलंय म्हणे."

"कुठलीही ठेवा गं बाई. एकच ठेवा."

"पुढची तपासणी नोव्हेंबरात," मेर्वी म्हणाली, आणि मग तिच्याच लक्षात आलं. नोव्हेंबरात सगळ्या देशाचे काटे मागे आलेले असतील आणि ओइवाचं घड्याळ मिनिटभरही चुकणार नाही. तिने गाडी सुरू केली.

गाडी गेली. हिल्का घरात आली.

"कुठे गेली होतीस? साडेअकरा झाले," ओइवा म्हणाला. "जेवणाला अजून अर्धा तास आहे."

बाहेर साडेबारा वाजले होते आणि तिला भूक लागली होती. ती त्याच्यासमोर बसली आणि बारा वाजायची वाट बघू लागली.