लाल होऊन गेलं

"सर, लाल होऊन गेलं."

पहिल्या बाकाजवळ उभी असलेली राही थोरात हळूच म्हणाली. बिराप्पा मेटकरींनी ब्युरेटची तोटी बंद केली. खालच्या बीकरमध्ये ॲसिटोनमध्ये विरघळवलेला रंग होता आणि त्यात वरून थेंब थेंब पाणी पडत होतं. पाणी वाढत जातं तसा तो जांभळ्यातून लालावर येतो, मग नारिंगी होतो आणि शेवटी पिवळा. दरवर्षी लाल आला की मेटकरी तोटी बंद करत, बीकर उंच धरत आणि म्हणत, "रंगाची पूड तीच आहे. बदललाय तो द्रावक." आजही ते लालाचीच वाट बघत उभे होते.

"कधी झालं?"

"मघाशीच. आता तर पिवळं आहे, सर."

कुणी हसलं नाही. मेटकरींनी बीकर खाली ठेवला आणि फळ्याकडे वळून पुढचं शिकवायला घेतलं. ॲसिटोनचे रेणू या रंगाच्या रेणूला एका तऱ्हेने वेढतात आणि पाण्याचे दुसऱ्या तऱ्हेने, त्यामुळे तो कोणता प्रकाश शोषून घेईल हे बदलतं आणि आपल्याला दिसणारा रंगही बदलतो, असं त्यांनी सांगितलं. आवाज रोजच्यासारखाच होता.

बॅच गेल्यावर त्यांनी स्टँडवरच्या तीन परीक्षानळ्या खिडकीशी नेऊन उजेडात धरल्या. एकीत पाणी, दुसरीत स्पिरिट, तिसरीत ॲसिटोन. तिन्हींत एकाच पुडीतली चिमूट. स्पिरिटातली लाल असायला हवी होती. ती चहाच्या चोथ्यासारखी दिसत होती. पाण्यातली तशीच, जरा फिकी.

गेले काही आठवडे वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं पुसट होत होती. चष्म्याचा नंबर बदलला असेल, असं त्यांनी धरून चाललं होतं. आता तसं म्हणता येणार नव्हतं. आपल्याला भीती वाटेल म्हणून ते थोडा वेळ थांबले. काही वाटलं नाही. त्यांनी नळ्या धुतल्या, उपड्या घातल्या आणि हात पुसले.

मेटकरी मूळचे जतकडचे. घरात मेंढरं. सगळ्या भावकीत कॉलेजात गेलेला हा पहिला माणूस. सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले तेव्हा वडील त्यांना सोडायला पार प्रयोगशाळेच्या दारापर्यंत आले होते आणि वास सहन न होऊन तिथूनच परत गेले होते. त्याआधी, शिकायला वसतिगृहात असताना, मेटकरींना क्षय झाला होता. बरा झाला. मग त्र्याहत्तर सालच्या पावसाळ्यात तो पुन्हा उलटला आणि या खेपेला जुनी इंजेक्शनं लागू पडेनात. मिरजेच्या डॉक्टरांनी मुंबईहून एक नवी गोळी मागवली. त्या गोळीने खोकला थांबला, अंगावर मांस धरलं. प्रत्येक भेटीत डॉक्टर विचारत, "डोळ्यांना काही त्रास?" मेटकरी म्हणत, "नाही." आधी खरंच नव्हता. पुढे पुढे सवयीनेच तोंडातून तसं निघायचं.

त्या संध्याकाळी खणभागातल्या खोलीवर ते आले तेव्हा हरणा, त्यांची बायको, भाकरी थापत होती.

"ह्ये तपकिरी लुगडं कवा घेतलंस?"

हरणाचा हात परातीतच थांबला. "तपकिरी? हिरवं हाय की. दिवाळीला तुमीच आनलंय."

ते भिंतीला टेकून बसले. हरणाने तव्यावरची भाकरी उलटली, मग त्यांच्याकडे बघितलं.

"आवं, दिसत न्हाई का तुमास्नी?"

"दिसतंय. रंग तेवढा कळंना."

"कवापास्नं?"

"ठावं न्हाई."

"त्या गोळीनं व्हय?"

"आसंल. डाक्टर सारखं डोळ्याचंच इचारत हुतं."

"मग सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं तर गोळी बंद करतील."

हरणाने भाकरी चुलीच्या धगीला उभी केली. ती फुगली, एका बाजूने करपली, तरी तिने ती फिरवली नाही.

"मग सोडू नगा गोळी," ती म्हणाली. "गेल्या साली तुमी रगत वकत हुता, ती बादली म्या रोज धुतलीया. माज्या लुगड्याचा रंग न्हाई कळला तरी चालंल मला."

"आनि कालेजात?"

"कालेजाचं मला ठावं न्हाई."

जेवण झालं. गोळीची वेळ झाली तेव्हा हरणाने ती तांब्याशेजारी आणून ठेवली. मेटकरींनी ती घेतली. शनिवारी त्यांनी मिरजेची बस पकडली.

डॉक्टरांनी एक जाडसर पुस्तक उघडून पुढे केलं. पानभर रंगीत ठिपक्यांचं वर्तुळ होतं.

"कोणता आकडा दिसतो?"

"ठिपके दिसतात."

डॉक्टरांनी पान उलटलं. मग आणखी एक.

"यात आकडा आहे का?" मेटकरींनी विचारलं.

डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"खोकला थांबला होता."

डॉक्टरांनी केसपेपरावरचं गोळीचं नाव खोडलं. मग म्हणाले, "गोळी आजपासून बंद. आणखी घेतलीत तर वाचताही येणार नाही."

"आणि छाती?"

"दुसरी औषधं आहेत. जड आहेत, पोटाला सोसणार नाहीत. पण घ्यावी लागतील."

"रंग परत दिसतील?"

"पुष्कळांना दिसतात, सावकाश. सगळ्यांनाच दिसतात असं नाही."

मेटकरींनी मान हलवली. बाहेर बाकावर इतर रोगी खोकत बसले होते. आत ऐकलं ते आपल्याबद्दल नसून त्यांच्यातल्याच कुणाबद्दल तरी असावं, असं त्यांना वाटत राहिलं.

सोमवारी ते विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. लालासाहेब मोहिते हे त्यांचे प्रमुख, आणि एके काळी त्यांचे शिक्षकही. मेटकरींनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मोहित्यांनी त्यांना बसायला लावलं.

"कुणाला कळायचं नाही, मेटकरी," मोहिते म्हणाले. "मुलांनाच विचारत जा, काय रंग दिसतो म्हणून. शिकवायची चांगली रीत आहे ती."

"शिकवताना चालेल, सर. परीक्षेत काय करू? एखाद्याने बरोबर लालावर थांबवलं आणि मी म्हटलं की याचं पुढं गेलंय, तर?"

"मार्क मी देईन."

"माझ्या बॅचचे मार्क तुम्ही किती दिवस देणार?"

मोहित्यांनी टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडे केला.

"मला रसायनांच्या स्टोअरला घ्या," मेटकरी म्हणाले. "तिथं बाटल्या जागच्या जागी असतात. नाव जवळ धरून वाचता येतं मला."

"ती जागा तुमच्या लायकीची नाही."

"आता आहे, सर."

मोहित्यांनी मग आग्रह केला नाही. त्या आठवड्यापासून मेटकरी तळमजल्यावरच्या स्टोअरमध्ये बसू लागले. राही थोरात एकदा ॲसिटोन न्यायला आली. ती काही विचारणार होती, पण त्यांनी बाटली पुढे केली आणि बाटली घेऊन ती गेली.

नव्या औषधांनी अन्न पोटात टिकेना. ते पुन्हा वाळले, पण खोकला उलटला नाही. उन्हाळ्यापर्यंत डोळ्यांपुढचा पुसटपणा बराच निवळला, पुस्तकातली अक्षरं उमटू लागली. रंग मात्र होते तसेच राहिले. हरणा रोज सकाळी लुगडं नेसून त्यांच्या समोरून जायची आणि काही विचारायची नाही.

मे महिन्यात दोघं जतकडे घरी गेली. डोळ्यांचं घरी कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी दुपारी पाण्यावर वडिलांची, म्हणजे आबांची, आणि चुलत्याची मेंढरं एकात एक मिसळली होती. संध्याकाळी निवडायला घेतली तेव्हा आबांनी मेटकरींना मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाशी उभं केलं.

"बिरा, लाल टिक्क्याची आपली, हिरव्याची तुज्या चुलत्याची. लाल तेवढी आत घे."

मेंढरं धुळीतून दाटीने आली. प्रत्येकाच्या पाठीवर रंगाचा टिक्का होता. सगळे टिक्के वाळल्या मातीसारखे. मेटकरींनी एक आत सोडलं, त्याच्यामागचं अडवलं, पुढचं आत सोडलं.

"आरं, त्ये आपलं न्हवं."

त्यांनी हातातली काठी खाली केली. "आबा, मला लाल-हिरवं कळत न्हाई. औषधानं गेलं ते."

आबा जवळ आले. मेंढराला काही झालं की ते जसं बघायचे तसंच त्यांनी अंगठ्याने मुलाची खालची पापणी ओढली आणि उजेडाकडे तोंड वळवून एक डोळा बघितला, मग दुसरा. त्यांच्या बोटांना लोकरीचा वास होता.

"दुकतंय?"

"न्हाई."

"मग काय वाटतंय?"

मेटकरींनी आठवून बघितलं. "काय बी न्हाई."

आबांनी हात काढून घेतला. चुलता लांबून बघत होता. त्याला त्यांनी हातानेच थांब म्हणून सांगितलं.

"दार धर," ते मुलाला म्हणाले. "म्या सांगतो तवा उगड."

मेटकरींनी बाभळीच्या फांद्यांचं दार दोन्ही हातांनी धरलं. आबा कळपात शिरले आणि पाठीवर हात मारत एकेक मेंढरू पुढे काढू लागले.

"आपलं."

त्यांनी दार उघडलं. मेंढरू गुडघ्याला घासून आत गेलं.

"त्येंचं."

त्यांनी दार लावलं.

ऊन उतरलं. चुलत्याने बिडी पेटवली. आबांचा आवाज बसत चालला होता, पण ते घाई करत नव्हते, आणि मेटकरीही करत नव्हते.

"आपलं," आबा म्हणाले.

त्यांनी दार उघडलं.