देव्हाऱ्यातले शिपाई

मित्रांनो, मी एक जुनी, मुखपृष्ठ हरवलेली कादंबरी आहे. माझ्या अवतारावर जाऊ नका, कारण माझ्या पोटात एक अख्खे सैन्य मुक्कामाला आहे.

हे शिपाई फार प्राचीन काळचे, माळव्याचे. धरमपुरीच्या घाटावर ते नावेत बसतात, नर्मदेवर धुके उतरते आणि नाव लागते ती भलत्याच मुलुखाला. तिथे तलवारी बोलतात. खोटे बोलणाऱ्या शिपायाला तिथे त्याची सावलीच सोडून जाते. सैन्याचा नायक संग्राम. त्या जादूच्या राज्याचे सिंहासन त्याच्यासमोर चालून येते, पण त्याला ते नको असते. बरोबर आणलेली माणसे सुखरूप घरी न्यायची, एवढीच त्याची तळमळ असते.

धारच्या एका शाळेतल्या दत्तोपंत गुरुजींनी मला विकत घेतले आणि माझे भाग्य उघडले. शनिवारी शेवटच्या तासाला ते मला मोठ्याने वाचत. मराठी न कळणाऱ्या पोरांसाठी मध्येच माळवीत सांगत. सावली पळाली की सगळा वर्ग आपापली सावली तपासून घेई. एवढा मान तर राजदरबारातल्या ग्रंथांनाही मिळाला नसेल, असे मला वाटे. थोडी शिष्ट झाले होते मी, खोटे कशाला बोलू!

हाताळून हाताळून माझे मुखपृष्ठ गळाले, तेव्हा गुरुजींनी मला लाल फडक्यात बांधले. पुढे ते निवृत्त झाले आणि हळूहळू त्यांची दृष्टी गेली. देवासला कारखान्यात नोकरीला असलेला त्यांचा मुलगा विहंग त्यांना आपल्याकडे घेऊन गेला. धारचे घर घाईघाईने रिकामे करायचे होते. पुस्तकांचे ढीग रद्दीवाल्याच्या गाडीवर चढू लागले. तेवढ्यात विहंगची बायको नेहा हिच्या हाती मी लागले.

नेहा शिकली हिंदी शाळेत. तिने फडके जरासे उघडले. आत, माझे शिपाई जिला कौल लावतात त्या चार हातांच्या देवीचे चित्र होते, खाली "देवीचा कौल घेऊन" अशी काहीतरी जुन्या वळणाची ओळ. तिने मला पटकन कपाळाला लावले. घराण्याची पोथी रद्दीत जात होती, या कल्पनेनेच बिचारीच्या अंगावर काटा आला. माझा मात्र जीव भांड्यात पडला.

देवासला मी थेट देव्हाऱ्यात बसले. रोज फूल, हळदकुंकू, एकादशीला साबुदाण्याची खिचडी! पण मला उघडायची कोणाची छाती होईना. पोथी चुकीची वाचली तर पाप लागते, अशी नेहाला धास्ती. ज्या पुस्तकाला सगळे नमस्कार करतात, ते कोणी वाचत नाही, हे मला तिथे कळले.

गुरुजींनी आल्या आल्या एकदाच विचारले होते, "सूनबाई, माझी शिपायांची कादंबरी कुठे आहे?"

"दादा, सगळी पुस्तकं रद्दीत गेली," नेहा ओशाळून म्हणाली.

"बरं," ते म्हणाले. सुनेला वाईट वाटू नये म्हणून पुन्हा विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून त्यांचे बोलणे आटले. जेवण दोन घासांवर आले. सकाळी आंघोळ करून ते चाचपडत देव्हाऱ्याशी येत आणि माझ्यापुढेच हात जोडत. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मला ओरडून सांगावेसे वाटे, "गुरुजी, मी इथे आहे." पण पुस्तकाला तोंड असते ते वाचणाऱ्याचेच.

श्रावण लागला. सासरे असे मिटत चाललेले नेहाला पाहवेना. तिने मुलीला, अपूर्वाला, आंघोळ घालून पाटावर बसवले.

"मम्मी, मला इतकी फास्ट मराठी वाचता नाही येत. गलत वाचलं तर?"

"अटक अटकके वाच, पण वाच. आजोबांच्या कानावर देवाचे दोन शब्द तर पडतील."

समई लागली. गुरुजी हात जोडून बसले. अपूर्वाने फडके सोडले आणि अडखळत सुरुवात केली, "धरम...पुरीच्या घाटावर धुके... उत... उतरले, तेव्हा नावेत..."

"तेव्हा नावेत संग्राम एकटाच जागा होता," गुरुजींनी वाक्य पुरे केले. त्यांचे जोडलेले हात सुटले होते.

"आजोबा, तुम्हाला पोथी पाठ आहे?"

"ही पोथी नव्हे ग. ही माझी कादंबरी." त्यांनी मला मांडीवर घेतले आणि पानांवरून हात फिरवत राहिले. ते रडत होते.

नेहाने कपाळाला हात लावला. "बाप रे. दादा, मी तर एकादशीला हिला खिचडीचा नैवेद्य दाखवायची."

"शिपायांना चालतो. मोहिमेवर मिळेल ते खातात." गुरुजी रडता रडता हसले. "सूनबाई, तू देवाचं म्हणून उचललंस, म्हणून हे सैन्य वाचलं. नाहीतर आज कुठेतरी पोहे-जलेबीखाली असतं."

त्या संध्याकाळी त्यांनी पोळी मागून घेतली.

मग रोज वाचन होऊ लागले. अपूर्वा अडली की गुरुजी शब्द पुरवत. हळूहळू तिचे अडणे कमी झाले. शेवटचा अध्याय तर ती सरळ वाचत सुटली. सगळे शिपाई नावेत बसले, संग्राम तेवढा काठावर राहिला, आणि पान संपले. अपूर्वा श्वास घ्यायला थांबली.

"मग?" गुरुजींनी विचारले.

"आजोबा, तुम्हाला तर माहीत आहे ना पुढे?"

"आत्ता काही आठवत नाही. तू वाच."

मित्रांनो, ज्यांनी मला जन्मभर दुसऱ्यांना वाचून दाखवले, त्यांना त्या दिवशी कोणीतरी मला वाचून दाखवत होते. नेहाच्या श्रद्धेने मी तगले आणि अपूर्वाच्या अडखळत्या जिभेने पुन्हा बोलू लागले. त्या दोघींचे उपकार मी कसे फेडू? तुमच्याही घरात कोणी माझ्यासारखी फडक्यात बांधलेली असेल. तिला फुले वाहिलीत तरी माझी ना नाही. पण फडके सोडा, आणि वाचता येत नसेल तर अडखळत वाचा. जवळच कोणीतरी ऐकायला बसले असेल.