पंपाचं पाणी

गाडीचं नाव धामण, पण चाल गोगलगायीची. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरापोरींनी पाइप वाकवून, वेल्डिंग करून बनवलेली ही शर्यतीची गाडी त्या हंगामात एकदाही शेवटापर्यंत पोचली नव्हती. पहिल्या शर्यतीत चेन तुटली. दुसरीत पुढचं चाक निसटून गाडीच्याही पुढे पळालं आणि लोकांनी चाकासाठीच टाळ्या वाजवल्या. मग प्राचार्यांनी सुनावलं, "तिसरी शर्यत पुरी झाली नाही, तर शेडला कुलूप." अश्वजितची झोप उडाली. तो टीमचा कप्तान. ती शेड गेली तर आपल्याजवळ काही उरत नाही, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं.

घरी, पिंपळगाव राजा या गावी, त्याचे वडील गुलाबराव वेगळ्याच लढाईत हरत होते. कपाशीचं बीटी बियाणं आलं तेव्हा बोंडअळीची फवारणी विसरा असं सांगितलं होतं. सांगणाऱ्याचं काय जातं! आता मात्र बोंड वरून टवटवीत आणि फोडलं की आत गुलाबी अळी वळवळताना दिसायची. दुकानदार देईल ती औषधं एकात एक कालवून गुलाबराव दिवसाआड मारत होते. बादली, दुपट्टा, अंगणातली बाज, सगळ्याला एकच उग्र वास. आधी अश्वजितला मळमळायचं. दसऱ्यापर्यंत नाकाला त्याचं काही वाटेनासं झालं.

तिसरी शर्यत खामगावबाहेरच्या माळावर, ऑक्टोबरच्या उन्हात होती. गाडी चालवणार अदीबा, कारण धामण ऐकायचीच तर तिचंच ऐकायची. आगीपासून वाचवणारा जाड पोशाख घालून सरावातच तिला भोवळ आली होती. म्हणून अश्वजितने तोड काढली. त्याने घरचा पाठीवरचा फवारणी पंप आणला. उन्हाळ्यात त्यांच्याकडे त्याच पंपाने कुडाच्या भिंतीवर, बैलांवर पाणी मारत, मग यात वावगं काय? निघताना घाईत पंप उपडा करून झटकला आणि माळावर पाणी भरलं. बुडाशी, नळीत काय राहिलंय ते त्याने पाहिलं नाही.

"वास येते बे याले," मेकॅनिक कामरान म्हणाला.

"वावरातला पंप हाय. वास तर येईनच."

कामरानच्या घरीही पऱ्हाटीच, म्हणजे कपाशीच होती; तो वास त्याच्याही ओळखीचा. त्याने पुढे विचारलं नाही.

अदीबा पेट्रोलसाठी थांबली की अश्वजित तिच्या मानेवर, बाह्यांवर, पाठीवर फवारा सोडायचा. "अजून मार बे, जीव थंड झाला," ती हसून म्हणायची. जाड कापड ओलंचिंब होऊन अंगाला चिकटायचं आणि ती परत सुटायची. धामण त्या दिवशी खरंच धामणीसारखी पळाली. चेन टिकली, चाकं जागेवर राहिली. नावाजलेल्या कॉलेजांच्या गाड्या वाटेत बंद पडल्या. कामरान तर नाचायला लागला होता.

मग वळणावर तिने दोनदा टायरांच्या रांगेला धडक दिली आणि कोणी न सांगताच गाडी टीमकडे वळवून आत घेतली.

"इतकं धुकं काऊन पडलं बे?" तिने विचारलं.

ऊन तर टाळू भाजून काढत होतं. कामरान हसला. अश्वजितला हसू आलं नाही. आठवड्यापूर्वी भरदुपारी शेताच्या धुऱ्यावर उभं राहून बाबांनी हेच विचारलं होतं, आणि आईने, बेबीताईंनी, पित्त झालं म्हणून लिंबूपाणी दिलं होतं. त्याने हेल्मेटची काच वर केली. अदीबाच्या ओठाच्या कडेने लाळ गळत होती. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. त्याने हातातल्या पंपाकडे पाहिलं. बुडाशी उरलेलं औषध तो तिच्या अंगावर मारत होता.

"दोनच चकरा राह्यल्या! सोड तिले!" कामरान ओरडला.

"मी करते पुऱ्या," अदीबा पुटपुटली.

लाज वाटावी असा एक क्षण अश्वजित समाप्तीच्या झेंड्याकडे बघत राहिला. मग त्याने इंजिन बंद केलं, तिचा पट्टा सोडला आणि तिला बाहेर ओढलं. पोरींनी आडोसा धरून पोशाख कापून काढला, पिण्याच्या पाण्याचे जार तिच्या अंगावर ओतले. मैदानावरची रुग्णवाहिका तिला घेऊन निघाली. धामण तिथेच उभी राहिली.

"वेळेत आणलं," दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. "औषध कोणतं होतं, ते विचारा."

अश्वजितने वडिलांना फोन लावला. सगळं सांगताना त्याला रडू आवरेना.

"पोरगी कशी हाय?" गुलाबरावांनी आधी हेच विचारलं.

"वाचली."

"बरं झालं बाप्पा. औषधं दोन होती. डबे घरी हायत, तुह्या मायले नावं वाचून दाखवाले सांग." मग त्यांच्या ध्यानात आलं. "म्हणजे मले होते ते पित्त नाही तर."

"बाबा, तुम्ही आता कुठी आहा?"

"वावरात. फवारून राह्यलो."

"पंप तर माह्याजवळ हाय!"

"शेजारच्या वावरातल्या पंजाबरावचा आणला. त्याले औषध लागलं, तो दवाखान्यात हाय. पंप मोकळाच पडला होता."

"बाबा, तो आधी खाली ठेवा! कपडे काढा, आंघोळ करा!"

"हो, हो. एवढी टाकी रिकामी होऊ दे."

पंपाचा दांडा वरखाली होत होता, त्याची करकर फोनमधून ऐकू येत होती. "बाबा!" अश्वजित ओरडला आणि फोन कानालाच धरून जिना उतरत धावत सुटला.