हातगुणाचं बिंग

वाचनालयाच्या मागच्या खोलीत सगळे भिंतीकडे तोंड करून उभे होते. कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघायचं नाही, असा तिथला नियम होता. ज्याला सगळे हातगुणी म्हणत, तो दुरुस्तीवाला तेवढा यंत्रावर तळवा ठेवून, डोळे मिटून बसला होता. "कोणी बोलू नका. यंत्राला श्वास घेऊ द्या," तो म्हणाला. बऱ्याच वेळाने त्याने एक कळ दाबली, आणि सकाळपासून सगळ्यांना दाद न देणारा प्रोग्रॅम निमूट इन्स्टॉल झाला. एका आजोबांनी चक्क हात जोडले.

वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं, कारण ते फुकट मिळतं. शिकाऊ माणूस नवा प्रोग्रॅम टाकायला गेला की लाल अक्षरं उमटत. देखभालीचं कंत्राट हातगुणीकडे. त्याची शिकवण अशी : लाल अक्षरं वाचू नका, वाचली की बिघाड मुरतो. यंत्र लगेच बंद करून पुन्हा चालू करा. तरी जमलं नाही, तर मला बोलवा. ते कधीच जमत नसे.

"बटणं काय, माकडही दाबेल," तो हसून म्हणे. "हाताला गुण लागतो."

त्या दिवशी रांगेत एक भाषांतरकार बाई होती. आजारपणात तिची दृष्टी गेली होती. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम तिच्या लॅपटॉपवर (त्यातही लिनक्सच होतं) बसला, तरच तिला कचेरीत परत घेणार होते. हातगुणीने दोनदा हात ठेवून पाहिला होता. यश आलं नव्हतं. आज तिसऱ्यांदाही लाल अक्षरंच आली, तेव्हा त्याने सगळ्यांच्या देखत निकाल दिला.

"बाई, राग मानू नका. तुमच्यातच अंधार आहे. यंत्र बुजतं."

खोलीतल्या एकालाही त्या बोलण्याची लाज वाटली नाही. एकजण तर हळहळून म्हणाला, की नशिबापुढे कोणाचं चालतं. बाईने लॅपटॉप बंद करण्यासाठी हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. सोबत आलेल्या भावाला तिने विचारलं, "काय लिहिलंय तिथे?"

भाऊ घुटमळला. वाचायचं नसतं, म्हणाला.

"मला दिसत नाही, तुला दिसतंय ना? मग वाच."

हातगुणी मध्ये पडला. बिघाड वाढला तर मी जबाबदार नाही, असं त्याने बजावलं. भावाने अडखळत एकेक इंग्रजी शब्द उच्चारला. बाईने आयुष्यभर केलं तेच केलं. भाषांतर केलं.

"दुसरं एक काम चालू आहे. ते संपेपर्यंत थांबा. एवढंच आहे हे."

ते दुसरं काम म्हणजे यंत्र चालू होताच आपोआप सुरू होणारं अपडेट. ते चालू असताना यंत्र दुसरा प्रोग्रॅम घेत नाही. एका न्हाव्याने एका वेळी दोन डोकी करू नयेत, तसंच. लोक घाबरून यंत्र बंद करत, अपडेट अर्धवट राही, आणि चालू करताच पुन्हा सुरू होई. हातगुणी फक्त हात ठेवून वाट पाहत बसे. बाईच्या लॅपटॉपवर बरीच अपडेट तुंबलेली. तिथे त्याला तेवढा धीर धरवला नाही.

"तुम्हाला हे माहीत होतं?" बाईने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता.

"माहीत होतं. सांगितलं असतं तर मला कुत्रं तरी विचारलं असतं का?"

"म्हणून माझी नोकरी घालवत होतात."

लॅपटॉपला कोणी हात लावला नाही. अपडेट पूर्ण झालं, मग भावाने प्रोग्रॅम टाकायची तीच आज्ञा पुन्हा टाइप केली. थोड्या वेळाने एक सपाट, भावशून्य आवाज खोलीत घुमला आणि पडद्यावरचा शब्द न् शब्द सांगू लागला. बाईने स्वतः कीबोर्ड ओढून घेतला. कचेरीला लिहायचं होतं.

हातगुणीला दोष द्यावाच. तो लबाड होता. पण पडद्यावर कारण ढळढळीत लिहिलेलं असताना शहाणीसुरती माणसं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि एका बाईला तिच्या अंधत्वाचा बोल लावला जात असताना गप्प बसली. हा दोष कोणाच्या माथी मारायचा? यंत्र रुसत नाही, बुजत नाही. ते काय अडलंय ते सांगतं. वाचा. कळलं नाही तर अर्थ विचारा. आणि वाचू नका असं जो सांगेल, त्याला आधी दाराबाहेर काढा.