तेरेझच्या नामदिनाचे पाहुणे

आमच्या बुडापेस्टमध्ये नामदिनाला, म्हणजे आपले नाव ज्या संताचे त्याच्या दिवशी, कुणाला बोलावत नाहीत आणि कुणाला परतही पाठवत नाहीत. दार नुसते लोटलेले असते. १९४४च्या ऑक्टोबरातल्या त्या रविवारी, तेरेझच्या नामदिनी, मेजर गेदेओनने याच रीतीचा आडोसा घेतला. शत्रूपक्षाचे दोन दूत पुष्पगुच्छ घेऊन पाहुण्यांसारखे येणार होते. आतल्या खोलीत शरणागतीच्या अटी ठरणार होत्या. दुपारी रेडिओवरून युद्धबंदी जाहीर झाली की किल्ल्यावरच्या पहाऱ्याचा प्रमुख म्हणून गेदेओनने तोफांनिशी चढणीचा रस्ता अडवायचा होता. आपले मित्र म्हणवणारे जर्मन हे निमूट सोसणार नव्हते. बेत फुटला तर नवरा आणि शहर दोन्ही जातील, हे तेरेझ जाणून होती.

सासूबाई एतेल्का मात्र काहीच जाणत नव्हत्या. पोगाचांचे, त्या खाऱ्या बिस्किटांचे, ताट फिरवत त्या म्हणाल्या, "एरवी मीठ मागायलाही कुणी फिरकत नाही, आणि आज माझ्या लेकाला मित्रांचा पूर आलाय. सुनेच्या हातची चव गावभर झाली म्हणायची."

दूत आले आणि गेदेओनबरोबर आत गेले. त्यांच्यामागून एक उंच तरुण आला. "बाईसाहेब, हात चुंबतो," असे अगदी आमच्या वळणाने म्हणत त्याने गुलाबी कार्नेशनची फुले पुढे केली.

तेरेझची नजर सवयीने फुलांवरून फिरली. बारा. सम संख्येची फुले आम्ही फक्त थडग्यावर वाहतो.

तिला भीती वाटली नाही, नवल वाटले. या भाषेचा इतका गोड हेल ज्याच्या जिभेवर बसला, त्याला कुठल्या आईने फुले मोजायला शिकवले नसेल? कुणाच्या दफनाला तो कधीच गेला नसेल का? सासूबाईंच्या तोंडून पाहुण्याचा उद्धार व्हायला नको, म्हणून तिने फुलदाणीकडे वळताना एक फूल हळूच काढून बाहीत सरकवले. पाहुण्याची लाज राखायची, ही आमची जुनी खोड. त्या फुलाचा गार देठ मनगटाला लागला तेव्हा कुठे तिच्या कुतूहलाला उत्तर सापडले: हा इथला नाही.

ती वळली. दारात आणखी चौघे उभे होते. तोच कागद, तीच फुले, प्रत्येकाकडे बारा.

ती ओरडली, पण तोवर आतले दार मोडले होते. दोन्ही दूत जमिनीवर पालथे पडले होते. गेदेओनला त्या चौघांनी त्याच्याच गालिच्यात गुंडाळले. खाली नेताना त्याची टाच प्रत्येक पायरीवर आपटत गेली. एतेल्का ताट धरून तशाच उभ्या राहिल्या.

तो तरुण मात्र उंबऱ्यावर थबकला. त्याच्या डोळ्यांत धमकी नव्हती, शाळकरी मुलाचे औत्सुक्य होते.

"एक फूल काढून घेतलंत तुम्ही. का?"

तेरेझने त्याच्याकडे पाहिले. याला आज रीत कळली, तर उद्या कुठल्याही घरात हा पकडला जाणार नाही.

"पहिलं फूल घरधनीण स्वतःला ठेवते," ती म्हणाली. "तुमच्याकडे नाही ठेवत?"

"छान रीत आहे," तो म्हणाला, आणि मान लववून निघून गेला.

सासूबाईंना शेजारणीच्या स्वाधीन करून ती डोके उघडे टाकून रस्त्यावर आली. नदीवरच्या साखळी-पुलाशी पोचते तोच खिडक्याखिडक्यांतून रेडिओ बोलू लागला: युद्धबंदी. अनोळखी बायका तिच्या गळ्यात पडत होत्या. एका म्हाताऱ्याने तिचे अश्रू पाहून, "रड, पोरी, आता रडायला हरकत नाही," म्हणत तिची पाठ थोपटली. ती सगळ्यांच्या मिठीतून वाट काढत राहिली. आनंदाने गच्च भरलेले शहर नदीपेक्षा ओलांडायला अवघड होते.

चढणीच्या टोकाला पहारेकरी टोप्या उडवत होते. तोफांची तोंडे आभाळाकडे होती.

"मेजरबाई," हवालदार हसला, "ऐकलंत ना? संपलं एकदाचं. मेजरसाहेब कुठायत? त्यांच्या हुकमाशिवाय आम्ही नुसतेच नाचतोय."

"त्यांना जर्मनांनी नेलं," ती म्हणाली. "हुकूम मी सांगते. तोफा रस्त्याकडे वळवा."

हवालदाराने खाली, रस्त्याच्या वळणाकडे पाहिले. मग हातातली टोपी डोक्यावर नीट बसवली आणि पहिल्या तोफेच्या चाकाला खांदा लावला.