सांदिलेच्या निरोपाची फळी

दुकानात शिरताना सेल्वनने पोट आत ओढलं, पण ग्लेनिस आंटीच्या नजरेतून ते कसलं सुटतंय! डर्बनच्या किनाऱ्यावरच्या अर्ध्या पोरांना तिनेच सर्फबोर्ड, लाटांवर स्वार व्हायच्या फळ्या, विकलेले. त्यातले बरेचजण आता आजोबा झालेत, ती गोष्ट वेगळी.

"सांदिलेसाठी ना?" तिने विचारलं.

सेल्वनने मान हलवली. रविवारी सांदिलेचा निरोप होता. सर्फर वारला की इथे सगळे लाटांपलीकडे जातात, आपापल्या बोर्डावर बसून गोल धरतात आणि फुलं सोडतात. त्या गोलात चार शब्द बोलायचं काम सांदिलेच्या बायकोने, नोमुसाने, सेल्वनवर टाकलेलं. सगळ्यात जुना दोस्त ना तो! पण या दोस्ताने कित्येक वर्षांत पाण्यात पाऊल टाकलं नव्हतं, हे तिला सांगणार कोण? तिथवर पोचलोच नाही तर तिला तोंड कसं दाखवू, या धास्तीने त्याची झोप उडाली होती.

"वजन?" आंटीने विचारलं.

"पंच्याहत्तर."

"लग्नात असेल! इथे सगळे खोटंच सांगतात बाबा, मी वर वीस किलो माझ्या मनाने धरते." तिने भिंतीपासून एक लांब, रुंद, जाडजूड बोर्ड ओढला. "हा ने. रविवारी ईशान्येचा वारा आहे, समुद्र नुसता खवळलेला असणार. हा तुला पाण्यावर उचलून धरेल."

"आंटी, हा शिकाऊ पोरांचा! बाकीचे काय म्हणतील?"

"बाकीचे कोण रे? सगळे ढेरपोटेच!"

पण ऐकेल तो सेल्वन कसला. कोपऱ्यात एक आखूड, पातळ, टोकदार बोर्ड होता, विशीतल्या सेल्वनला शोभेलसा. त्याने तोच उचलला.

"बुडशील मेल्या," आंटी म्हणाली, आणि बोर्ड बांधून दिला.

रविवारी वारा अगदी तिने सांगितल्यासारखा आला. सगळे भराभर पुढे गेले. नोमुसा फुलं घेऊन जीवरक्षकांच्या रबरी होडीतून गेली. सेल्वनच्या पोटाखाली बोर्ड, आणि बोर्डावरून समुद्र. एक लाट ओलांडावी, तर दुसरी त्याला होता तिथे आणून टाकायची.

"मेल्या सांदिले," तो करवादला, "वारा पडलेला असताना मरता नाही आलं तुला?"

शेवटी एकदाचा पोचला. लोक थांबलेले होते. त्यांनी जागा करून दिली. बाकीचे कमरेपर्यंत पाण्यात, हा छातीपर्यंत.

"बोल," होडीतून नोमुसा म्हणाली.

सेल्वनने तोंड उघडलं. शब्द पाठ होते, पण दम कुठे होता! घशातून नुसते आचके निघाले. डोळ्यांतून खारं पाणी ओघळत होतं, सगळं समुद्राचं. गोलातला एक धिप्पाड गडी हुंदका देऊन रडायला लागला, मग त्याच्या शेजारचा.

नोमुसाने होडीतून वाकून सेल्वनच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. "तो गेल्यापासून सगळे मला धीरच देत बसलेत रे भावा," ती म्हणाली. "माझ्यासमोर रडलं कुणीच नाही." आणि ती पहिल्यांदाच मोकळी होऊन रडली.

सेल्वनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोस्तासाठी आपण अजून एक टिपूस गाळलेलं नाही, हे त्याचं त्यालाच माहीत. एव्हाना त्याचा श्वास ताळ्यावर आला होता, चारही शब्द जिभेवर आले होते. पण डोक्यावर तिचा हात तसाच होता. तिचं रडणं थांबेपर्यंत तो धापा टाकत राहिला.