मागचं फाटक

सागर शिपाई दारात आला तेव्हा इंद्रभान जेवायला बसला होता, पण घास हातातच राहिला होता. सरकीच्या कारखान्याकडून आरडाओरडा ऐकू येत होता. दुपारचे दोन वाजले असतील.

"काका, चला. ठाणेदार साहेबानं बलावलं. गाडीसकट."

"गाडीसकट? पाच दिवसाखालीच त कागद देल्ला तुमी. भोंगा वाजला त गाडी जप्त म्हून."

"आज वाजवाचा हाये," सागर जमिनीकडे पाहत म्हणाला. तो याच गावचा. लहानपणी इंद्रभानच्या अंगणात गोट्या खेळलेला.

इंद्रभानची बायको रुख्मिणी चुलीजवळून उठली. "बाप्पा, माही पोरगी समता तिथी हाये. कशी हाये ते सांग आधी."

"आत हायेत सगळे, काकू. जुन्या जिनिंगच्या आवारात. ते बाहेर येत नाईत."

इंद्रभानने हात धुतला आणि ऑटोची चावी घेतली.

खामगावहून मेहकरकडे जाताना लागणारं ते गाव. बाजार मोठा, बाकी सगळं बेताचं. बत्तीस वर्षं त्या गावात बातमी सांगायचं काम इंद्रभान करत आला होता. आधी सायकल, मग ऑटो. टपावर दोन भोंगे, एक पुढं तोंड केलेला आणि एक मागं. नळ उद्या येणार नाही, डोळ्यांचं शिबिर परवा आहे, अमक्याची म्हैस सुटली आहे, तमक्याची मयत चार वाजता निघेल. एकदा, पार सुरुवातीला, कुणीतरी टवाळकीनं निरोप दिला आणि त्यानं एका जित्या म्हाताऱ्याची मयत गावभर सांगितली. म्हातारा ओट्यावर चहा पीत बसलेला. म्हणाला, "इंद्रभान, चार वाजता माह्यानं जमत नाई गा. मले खामगावले जाचं हाये." गाव आठवडाभर हसलं. त्या दिवसापासून इंद्रभाननं स्वतःला एक शिस्त लावून घेतली. मयत सांगायची तर आधी घरी जाऊन प्रेताला हात जोडायचे. नळाचं सांगायचं तर टाकीवर चढून पाणी पाहायचं. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माइक तोंडाजवळ न्यायचा नाही. म्हणून लोक टीव्हीवर विश्वास ठेवत नसत, पुढाऱ्यावर तर नाहीच, पण भोंग्यातून "नमस्कार, मी इंद्रभान बोलतो" असं आलं की हातातलं काम थांबवून ऐकत.

कारखान्याचं भांडण दहा दिवसांचं होतं. जिनिंगमध्ये कापसातून रुई निघाली की सरकीला बारीक लव चिकटून राहते. ती यंत्रानं खरवडून काढतात, तिला लिंटर म्हणतात. पूर्वी हे लिंटर गाद्यांत जायचं, कागदाला जायचं. दोन वर्षांखाली एका मोठ्या कंपनीनं कारखाना घेतला आणि लिंटर गाद्यांत जाणं बंद झालं. समता तिथं वजनकाट्यावर बसायची. ट्रकांचे कागद तिच्या हातून जायचे. लिंटर कुठं जातं ते तिनं वाचलं, मग विचारत विचारत शोधून काढलं. तिकडं ते तेजाबात भिजवून त्याची बारूद होत होती, तोफगोळ्यांची, आणि गोळे समुद्रापलीकडच्या लढाईला जात होते. त्या लढाईतली पडलेली घरं आणि चादरीत गुंडाळलेली लेकरं गावातल्या पोरींच्या मोबाइलवर रोज येत होती. समतानं हे यंत्रावरच्या बायांना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या कामावर न जाता फाटकासमोर डांबरावर बसल्या.

त्यांच्यात पहिला गडीमाणूस येऊन बसला तो शेषराव. अठ्ठावीस एकराचा धनी, सत्तरीला आलेला, धोतर-टोपीतला. मॅनेजर त्याला म्हणाला, "आजोबा, तुम्हाला भाव मिळतो ना कापसाला? मग?" शेषराव म्हणाला, "भाव भेटते. पन माह्या कापसाची वात लागते देवापुढं. त्याच कापसानं कोनाचं लेकरू मराव, हे मले झोपू देत नाई."

पहिले चार दिवस इंद्रभाननं बायांसाठी भोंगा फिरवला. पाचव्या दिवशी पोलिसांचा कागद आला आणि त्यानं ऑटोवर ताडपत्री टाकली. समता त्याच्याशी बोलेनाशी झाली. दहाव्या दिवशी बंदोबस्तात ट्रक बाहेर काढायचं ठरलं, माणसं चाकांपुढं आडवी झाली, आणि लाठ्या चालल्या. पळालेली सत्तरेक माणसं समोरच्या बंद जिनिंगच्या आवारात शिरली आणि त्यांनी आतून साखळ्या लावल्या.

ठाणेदार जीपच्या सावलीत उभा होता. कोल्हापूरकडचा माणूस, वर्षभरापूर्वी आलेला. घामानं त्याची पाठ भिजली होती.

"तूच का तो भोंगेवाला? हे बघ. आत दोन बायांची डोकी फुटलीत. पाणी नाही. मलाही हे लांबवायचं नाही. माझं ते ऐकत नाहीत, तुझं ऐकतील म्हणतात. सांग त्यांना, मागच्या फाटकानं एकेक करून बाहेर या. बस उभी केली आहे. घरी सोडू. कोणाला हात लागणार नाही."

"सांगतो, साहेब. दोन मिनिटं मागचं फाटक पाहून येतो."

"का?"

"सवय हाये, साहेब. पाह्यल्याबिगर सांगत नाई मी."

ठाणेदार हसला नाही, रागावलाही नाही. "तू माझी तपासणी करणार? तिकडं बंदोबस्त आहे, कोणाला सोडता येत नाही. मी शब्द देतोय ना. तुझी मुलगी आत आहे म्हणतात. तिला या उन्हात अजून किती वेळ ठेवायची, तू ठरव."

इंद्रभाननं जिनिंगच्या भिंतीकडे पाहिलं. मार्चचं ऊन विटांवर तापत होतं. आतून एक बाई कण्हत असल्यासारखा आवाज येत होता. ती कोण हे कळत नव्हतं. फाटक मागं होतं, भिंतीला वळसा घालून शंभर पावलं. त्यानं सागरकडे पाहिलं. सागर बुटाच्या टोकानं माती उकरत होता.

इंद्रभाननं माइक घेतला. भोंग्यावर तो नेहमी पुस्तकातली भाषा बोलायचा. त्या दिवशी मात्र घरचीच बोली आली.

"नमस्कार. मी इंद्रभान बोलतो. शेषरावभाऊ, शालूबाई, समता, सगळे आयका. मागच्या फाटकानं एकेक करून बाहेर या. बस उभी हाये, घरी सोडून राह्यले. कोनाले हात लागनार नाई. मी इंद्रभान सांगतो."

आत बोलण्याचा गलबला झाला, आणि बऱ्याच वेळानं मागच्या बाजूला लोखंडी साखळी खणखणली. इंद्रभानला हायसं वाटलं. रुख्मिणीला फोन करावा असंही त्याच्या मनात आलं.

मग पहिली किंकाळी आली.

जिनिंगची मागची भिंत आणि नाला यांच्यामध्ये एक बैलगाडी जाईल एवढीच बोळ आहे. तिथं दोन्ही हातांना ओळीनं शिपाई उभे होते. बस होती. तेवढं खरं होतं. बोळीच्या त्या टोकाला होती आणि तिच्या खिडक्यांना जाळ्या होत्या. तिथपर्यंत पोचायला माणसाला लाठ्यांच्या मधून जावं लागत होतं.

संध्याकाळी तो दवाखान्यात गेला. समताच्या उजव्या मनगटाला प्लास्टर होतं. शेजारच्या खाटेवर यंत्रावरची शालूबाई होती, डोक्याला सात टाके घातलेली. तिनंच आधी त्याला पाहिलं.

"या भाऊ. बसचा परवास मस्त झाला. काठ्यायची सोय हाये तेवढं सांगाचं राह्यलं तुमचं भोंग्यावर."

इंद्रभान खाटेच्या कडेला उभा राहिला. समता छताकडे पाहत होती.

"बाबा, आत भांडन चाललं होतं. शालूबाई म्हने जाऊ नोका, दगा हाये. शेषरावकाका म्हने थांबू. म्याच म्हटलं, माह्या बाबाचा आवाज हाये, त्यायनं पाह्यलं असन. म्याच साखळी काढली." तिनं आता त्याच्याकडे पाहिलं. "तुमी पाह्यलं होतं?"

"नाई."

समतानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

शेषराव पुरुषांच्या वॉर्डात होता. तो शुद्धीवर आलाच नाही. बेचाळीस जणांवर गुन्हे लागले. रोज सकाळी पोलिसांची गाडी यायची आणि कोणाला तरी घेऊन जायची. चार माणसं एकत्र दिसली तरी नावं लिहून घेत. लोक चहाच्या टपरीवर उभे राहीनात. चौथ्या दिवशी पहाटे शेषराव गेला.

चिरफाड होऊन प्रेत सकाळी नऊला घरी आलं. इंद्रभान गेला, उंबऱ्याशी थांबून त्यानं पाहिलं. डोक्याला पांढरी पट्टी, नाकात कापूस. त्यानं हात जोडले. रुखमाबाई, शेषरावची बायको, बायांमध्ये बसली होती. तिला काही विचारायचं धाडस त्याला झालं नाही. मनात एकच होतं: या माणसाची मयत सगळ्या गावानं पाहिली पाहिजे. एवढं तरी आपल्या हातून व्हावं.

त्यानं ऑटोवरची ताडपत्री काढली. परवानगी मागितली नाही. सकाळभर गल्लीगल्लीत, वेशीपासून बाजारापर्यंत, आजूबाजूच्या तीन खेड्यांतसुद्धा सांगत फिरला. शेषराव यांचं आज पहाटे निधन झालं, अंत्ययात्रा तीन वाजता राहत्या घरून निघेल. चौकात पोलिसांची गाडी होती. सागरनं त्याला पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. त्यानं तरी काय करावं? पोराला लाज वाटली असेल. पण लोकांनी मात्र हेच पाहिलं, की गावात लग्नाच्या बाजालाही बंदी आहे आणि इंद्रभानचा भोंगा पोलिसांसमोरून वाजत चालला आहे.

तो गल्लीत शिरला की दारं लागत होती. बाया अंगणातली लेकरं आत ओढत होत्या. त्याला वाटलं, दुःख आहे, धाक आहे. बाजारात गोकुळ चहावाला अर्धं शटर ओढून उभा होता.

"इंद्रभान," तो हळूच म्हणाला, "आज कितीक जन पायजेत साहेबाले?"

"कायचे जन?"

"उचलाले."

गोकुळनं उरलेलं शटर खाली ओढलं. इंद्रभान माइक हातात धरून तसाच बसून राहिला. भोंग्यातून नुसती खरखर येत होती.

तीन वाजता शेषरावच्या अंगणात अकरा माणसं होती. त्यातली चार घरचीच. शेषरावचा मुलगा शिवम मडकं घेऊन उभा होता, आणि दर दोन मिनिटांनी रस्त्याच्या टोकाकडे पाहत होता. साडेतीन झाले, चार झाले. प्रेत उन्हातून सावलीत सरकवलं, सावली गेली तसं पुन्हा सरकवलं.

"कोनी येत नाई," शिवम आईला म्हणाला. "लोक म्हनतात बाबा जितेच हायेत. मयतीच्या नावानं जमवाचं अन् गाड्यात भराचं, असा डाव हाये म्हनतात."

"असं कोन म्हनते?"

"सगळंच गाव. भोंग्यावर आयकलं म्हून."

रुखमाबाई उठली. कोपऱ्यात उभ्या असलेल्या इंद्रभानपुढं येऊन थांबली. तिचे डोळे कोरडे होते.

"कोनं सांगतलं होतं तुले?"

इंद्रभाननं तिरडीकडे पाहिलं.

"शेजारच्या सिंधूताईले मी घरोघर पाठवनार होती. लग्नाच्या बलावन्याले हातावर तांदूळ द्याले जाते तशी. दोन घंट्यात गाव भरलं असतं अंगनात. मानूस म्हून जगला माहा मालक. अकरा जनायनं जाव काय त्यानं?"

"वहिनी, मी आता पायी जातो. दारोदार सांगतो, मी डोळ्यानं—"

"नोको!" ती ओरडली, आणि अंगणातली सगळी माणसं दचकली. "आनखी काय सांगतं तू? कोन आयकते?"

म्हाताऱ्यांपैकी एकजण म्हणाला की दिवस मावळायच्या आत निघायला हवं. शिवम पुढं, मग तिरडीला चौघे हवे, आणि नाल्याच्या चढावर बदलायला चौघे. काठीशिवाय चालता न येणारे दोघे सोडून आणि इंद्रभानला न धरता मोजलं तर सात भरत होते. कोणीच इंद्रभानकडे पाहत नव्हतं, आणि त्यामुळेच आठवा कोण ते त्याला कळलं.

रुखमाबाईनं डोक्यावरचा पदर ओढून घेतला.

"खांदा दे," ती म्हणाली. "पन तोंड उघडू नोको."

त्यानं मागचा डावा बांबू खांद्यावर घेतला. शेषराव अंगानं थोराड होता, ओझं लगेच मानेत उतरलं. बाया स्मशानात जात नाहीत, पण कारखान्यातल्या तिघी मागून चालू लागल्या. त्यांना कोणी परत फिरवलं नाही. रस्त्यानं दोन्हीकडची दारं बंद होती. काही फटींत डोळे दिसत होते. एका घरातलं म्हातारं माणूस खिडकीशी आलं, तिरडी पाहून त्याच्या तोंडाचा आ झाला, आणि आतून कुणीतरी त्याला मागं ओढलं.

स्मशानाची वाट कारखान्यासमोरून जाते. फाटकापाशी शिट्टी वाजली. सागर हात आडवा धरून रस्त्यात उभा होता.

"थांबा जरा. गाड्या निघून राह्यल्या."

"मयत हाये बे," पुढचा म्हातारा म्हणाला.

"वरून हुकूम हाये, आबा. दोनच मिनिटं."

फाटक उघडलं आणि ट्रक निघाले, ताडपत्र्या बांधलेले, एकामागून एक, खामगावच्या दिशेनं. रस्ता हादरत होता. वाऱ्यानं पांढरी लव उडत होती. ती प्रेतावरच्या गुलालावर बसत होती, शिवमच्या मुंडण केलेल्या डोक्यावर बसत होती. एका ड्रायव्हरनं तिरडी पाहून कपाळाला हात लावला. ट्रक काही त्यानं थांबवला नाही. इंद्रभानचा खांदा सुन्न झाला. बदलायला कोणी पुढं आलं नाही, आणि त्यालाही मागता येत नव्हतं.

शेवटचा ट्रक गेला. धूळ खाली बसायची वाट न पाहता सागरनं हात खाली घेतला, आणि त्या अकरा माणसांनी आणि मागच्या तिघींनी रस्ता ओलांडला.